नेतृत्व आणि निष्ठेवरचा बारा पाठांचा बायबल अभ्याससंच: पहिले सहा पाठ जसेच्या तसे घ्या, पुढच्यांत भर घाला

मंडळीतले वडीलजन, युवक संघाचे पुढारी आणि घरसभा चालवणारे यांच्यासाठी हा संच बनवलेला आहे. त्यात दोन विषय एकत्र गुंफलेत: देव कशा माणसाला पुढे करतो, आणि अशा माणसाच्या मागे निष्ठेनं कसं चालायचं. हे दोन्ही एकाच मांडणीत घेणं सोपं नाही. पहिला विषय नेत्याला टोचतो, दुसरा अनुयायाला. दोघं एकाच खोलीत बसून शिकणार असतील तर पाठ लिहिणाऱ्याला तोल फार जपावा लागतो. या संचात तो पहिल्या सहा पाठांत उत्तम जपलाय. सातव्या पाठापासून, म्हणजे निष्ठेचा विषय सुरू झाला की, तो नेत्याच्या बाजूला कलतो. दोष शास्त्रभागांच्या निवडीत नाही, ते अर्धवट कापण्यात आहे. उरलेला अर्धा भाग बायबलमध्ये शेजारीच असल्यामुळे दुरुस्तीही घरच्या घरी होते. ती कशी करायची तेही खाली सांगितलंय.

संचात सहभागीची पुस्तिका, चालकाची मार्गदर्शिका, ४८ वचनकार्डं (त्यांतली ६ कोरी) आणि भिंतीवर लावायचा घडीचा कालपट मिळतो. पुस्तिका दोऱ्यानं शिवलेली असल्यामुळे टेबलावर सपाट उघडी राहते. लिहिण्याच्या पुस्तिकेला हे हवंच, कारण नुसत्या गोंदाने चिकटवलेल्या पुस्तिकेची पानं चौथ्या-पाचव्या आठवड्यात सुटू लागतात. उत्तरांसाठी मात्र प्रत्येक प्रश्नाखाली तीनच ओळी आहेत. ‘शौलानं कोणती कारणं दिली?’ याला तीन ओळी पुरतात, ‘तुमच्या सेवेत ही कारणं कुठे दिसतात?’ याला पुरत नाहीत. प्रत्येकाला वेगळी वही आणायला सांगा. कालपट मोशेपासून प्रेषितांपर्यंतचा आहे आणि स्पष्ट छापलाय.

मार्गदर्शिकेतली एक गोष्ट आधीच सांगितलेली बरी. तिच्यात उत्तरं प्रश्नाच्या लगेच खाली छापलीत, त्यामुळे चालकाची नजर आपोआप तिथे जाते. गट विचार करत असतानाच तो ‘अपेक्षित उत्तर’ वाचून दाखवतो आणि चर्चा संपते. उत्तरांच्या भागावर कागदाची पट्टी ठेवून शिकवा. छोटी युक्ती आहे, पण गट बोलता होतो.

पहिला पाठ निर्गम १८ चा, मोशेचा सासरा इथ्रो याच्या सल्ल्याचा. हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर आणि दहांवर नायक नेमण्याची रचना सगळ्यांना पाठ असते, आणि बहुतेक शिकवण थेट २१ व्या वचनावर उडी मारते. या संचानं १९ आणि २० वी वचनं आधी घेतलीत. इथ्रो पहिल्यांदा मोशेला सांगतो की लोकांची प्रकरणं देवापुढे ने, मग त्यांना नियम शिकव, आणि त्यानंतर माणसं निवड. हा क्रम मोडला की काम वाटलं जातं पण शिकवण वाटली जात नाही, आणि दहांवरचा नायक आपल्या मनाने निवाडे देऊ लागतो. २१ व्या वचनातले चार निकष (कर्तबगार, देवाचं भय धरणारे, विश्वासू, लाचेचा द्वेष करणारे) एकेक करून तपासायला लावलेत. सोबत अनुवाद (बायबलचं पाचवं पुस्तक) १:९-१८ दिलाय, ही जाणकार निवड आहे. तिथे मोशे लोकांनाच सांगतो की तुमच्या वंशांतून शहाणी माणसं निवडून द्या. निर्गमात निवड मोशेची वाटते, अनुवादात लोकांचा सहभाग दिसतो. दोन्ही शेजारी ठेवल्यावर चर्चेला धार येते.

दुसरा पाठ सगळ्या संचात सरस. अनुवाद १७:१४-२० मध्ये राजासाठी नियम आहेत: घोडे वाढवू नयेत, त्यासाठी लोकांना मिसरात परत नेऊ नये, पुष्कळ बायका करू नयेत, सोनंरुपं फार साठवू नये. आणि गादीवर बसल्यावर नियमशास्त्राची नक्कल करून ती जन्मभर वाचावी, आपल्या भाऊबंदांपेक्षा स्वतःला मोठं समजू नये. पुस्तिकेत यासाठी एक कोरं पान सोडलंय आणि ही सात वचनं हाताने उतरवायला सांगितलीत. पंधरा मिनिटं लागतात. वेळ वाचवण्यासाठी चालक हा भाग गाळतात, पण तो गाळू नये. हाताने लिहिताना ‘स्वतःसाठी’ हा शब्द पुन्हा पुन्हा येतो, घोड्यांपाशी, बायकांपाशी, सोन्यारुप्यापाशी. तो नुसत्या वाचनात निसटतो आणि लिहिताना बोटाखाली येतो. नंतर एक कोष्टक आहे. डावीकडे नियम, उजवीकडे शलमोन: वर्षाला ६६६ किक्कार सोनं (१ राजे १०:१४), १,४०० रथ आणि १२,००० स्वार (१०:२६), ७०० राण्या आणि ३०० उपपत्नी (११:३). देवाकडे शहाणपण मागून सुरुवात केलेल्या राजाने सगळे नियम मोडले, आणि ते भरभराटीच्या काळात मोडले, हे कोष्टकात एका नजरेत दिसतं. एकच उणीव आहे. १ राजे १०:२८ गाळलंय. शलमोनाचे घोडे मिसरातून येत होते हे त्या वचनात आहे आणि अनुवाद १७:१६ शी त्याचा सरळ संबंध आहे. कोष्टकात एक ओळ वाढवा.

तिसऱ्या पाठात शमुवेल संदेष्ट्याचं निरोपाचं भाषण आहे (१ शमुवेल १२:१-५). मी कोणाचा बैल घेतला, कोणाचं गाढव घेतलं, कोणाच्या हातून लाच घेतली, सांगा, असं तो सगळ्या लोकांसमोर विचारतो. याच्या जोडीला मोशेचं ‘मी त्यांचं एक गाढवही घेतलं नाही’ (गणना १६:१५) आणि पौलाचं ‘मी कोणाच्या सोन्यारुप्याचा किंवा वस्त्राचा लोभ धरला नाही’ (प्रेषितांची कृत्ये २०:३३) दिलंय. तिघांचा काळ वेगळा, पण हिशेब देण्याची रीत एकच. मंडळीच्या खजिनदाराला या पाठाला जरूर बोलवा.

चौथा पाठ शौलाचा, इस्राएलाच्या पहिल्या राजाचा. १ शमुवेल १५ मधलं २२ वं वचन, यज्ञापेक्षा आज्ञापालन बरं, हे सगळीकडे शिकवलं जातं. इथे त्याच्या अलीकडे-पलीकडे नजर टाकलीय: १२ व्या वचनात शौल कर्मेलला स्वतःचं स्मारक उभारतो, २४ मध्ये ‘मी लोकांना भ्यालो’ अशी कबुली देतो, आणि ३० मध्ये पाप कबूल केल्यावरही ‘माझ्या लोकांच्या वडिलांपुढे माझा मान राख’ अशी विनवणी करतो. ही तीन वचनं ओळीने वाचली की शौलाच्या पडण्याची नाडी हाताला लागते. चांगलं काम झालंय.

पाचवा आणि सहावा पाठ यरुशलेमची भिंत पुन्हा बांधणाऱ्या नहेम्याचे. पाचव्यात रात्रीची पाहणी (२:११-१५), कामाची वाटणी, आणि अर्धे काम करतात तेव्हा अर्धे भाले घेऊन उभे राहतात (४:१६) हा भाग आहे. तिसरा अध्याय बहुतेक लोक नावांची यादी म्हणून टाळतात. इथे तो पूर्ण वाचायला लावलाय, ३२ वचनं, मोठ्याने वाचायला साधारण पाच-सहा मिनिटं. वाचताना दोन गोष्टींवर खूण करायला सांगितलीय: तकोवाच्या प्रतिष्ठित लोकांनी कामाला मान वाकवली नाही (३:५), आणि शल्लूम आपल्या मुलींसह दुरुस्ती करत होता (३:१२). कोण आलं आणि कोण आलं नाही हे नहेम्याने लिहून ठेवलं. सहाव्या पाठाचा भर पाचव्या अध्यायावर आहे. भिंत अर्धी असताना आतूनच ओरड होते, गरिबांची शेतं आणि मुलं सावकारीत गेलीत. नहेम्या काम थांबवून सभा भरवतो आणि आपण स्वतः व आपले भाऊही कर्ज देतोय हे आधी मान्य करतो (५:१०). मग त्याचा खर्चाचा हिशेब येतो: बारा वर्षं सुभेदार असून भत्ता घेतला नाही, पंगतीला दीडशे माणसं, रोज एक बैल आणि सहा निवडक मेंढरं (५:१४-१८). ५२ दिवसांत भिंत झाली (६:१५) हा आकडा सगळ्यांच्या ओठांवर असतो. त्या ५२ दिवसांचं बळ पाचव्या अध्यायात आहे हे दाखवणं ही या पाठाची कमाई.

इथवर पैकीच्या पैकी गुण. यापुढे सावध राहायला हवं.

सातवा पाठ दावीद आणि त्याच्या जिवावर उठलेला शौल राजा यांचा, ‘प्रभूचा अभिषिक्त’ या शब्दांवर उभा. एन-गेदीच्या गुहेत दावीद शौलाच्या झग्याचा काठ कापतो आणि तेवढ्यानेही त्याचं मन त्याला खातं (१ शमुवेल २४:४-६). मग हखीला टेकडीवर दावीदाचा साथीदार अबीशय ‘एकाच घावात संपवतो’ म्हणतो आणि दावीद त्याला अडवतो (२६:८-११). इथपर्यंत वाचून पुस्तिका विचारते: ‘तुमच्या पुढाऱ्याबद्दल मनात तक्रार असेल तर दावीदाकडून काय शिकाल?’ या मांडणीत उत्तर एकच निघतं, गप्प बसणं. पण दावीद गप्प बसलेला नाही. तो गुहेबाहेर येऊन सगळ्या सैन्यासमोर हाक मारतो, कापलेला काठ दाखवतो, माझा अपराध काय ते सांग म्हणतो आणि ‘प्रभू माझा व तुझा न्याय करो’ असं उघड बोलतो (२४:८-१५). त्यानंतर शौल घरी जातो आणि दावीद त्याच्यासोबत न जाता गडावर जातो (२४:२२). दुसऱ्या वेळचा प्रसंग तर अगदी जवळून पाहण्यासारखा आहे. शौल म्हणतो, माझ्या मुला, परत ये. दावीद उत्तर देतो, हा राजाचा भाला, तुझ्या तरुणांपैकी कोणी इकडे येऊन घेऊन जावा (२६:२१-२२). भाला परत जातो, दावीद जात नाही. मधलं अंतर त्याने आधीच राखलंय, पलीकडच्या डोंगरमाथ्यावर दूर उभं राहून तो बोलतोय (२६:१३). राजावर हात टाकायचा नाही, खरं ते तोंडावर बोलायचं आणि भाला फेकणाऱ्याच्या पल्ल्यात पुन्हा बसायचं नाही, या तिन्ही गोष्टी मिळून दावीदाची निष्ठा होते. पाठात त्यातली पहिलीच आलीय.

दुरुस्ती: पुस्तिकेतला प्रश्न बाजूला ठेवा. वहीत दोन रकाने आखा, ‘दावीदाने काय केलं’ आणि ‘काय करायला नकार दिला’. २४ वा अध्याय २२ वचनांचा, २६ वा २५ वचनांचा. दोन्ही पूर्ण वाचायला आठ-नऊ मिनिटं लागतील. रकाने भरल्यावरच चर्चा उघडा.

याच पाठाच्या कार्डावर स्तोत्र १०५:१५ छापलंय, ‘माझ्या अभिषिक्तांना हात लावू नका’. कार्डावर एकटं वचन वाचलं की ते पुढाऱ्यांवर प्रश्न विचारणाऱ्यांना दिलेली ताकीद वाटते, आणि तसं वापरलंही जातं. १२ व्या वचनापासून वाचा. ते थोडके होते, उपरे होते, राष्ट्राराष्ट्रांतून भटकत होते, आणि देवाने त्यांच्यासाठी राजांना धमकावलं. म्हणजे ‘अभिषिक्त’ इथे अब्राहाम, इसहाक, याकोब यांसारखे निराधार परके, आणि ताकीद मिळतेय ती सत्ताधाऱ्यांना. १ इतिहास १६:१९-२२ मध्ये हेच शब्द याच संदर्भात आलेत. भरीला १ योहान २:२० जोडा, तिथे अभिषेक सगळ्याच विश्वासणाऱ्यांना मिळालेला आहे. या कार्डाच्या मागे ‘१२ पासून वाचा’ एवढं लिहून ठेवा.

आठवा पाठ मोशेविरुद्ध बंड करणाऱ्या कोरहाचा, गणना १६. ५० वचनांचा अध्याय, २५० पुढारी बंडात सामील, आणि नंतरच्या मरीत १४,७०० मेले. पाठाचा रोख असा की पुढाऱ्याला प्रश्न विचारणं म्हणजे बंड. मजकुरातून हे निघत नाही. कोरहाला याजकपद हवं होतं, आणि १० व्या वचनात मोशे तेच बोलून दाखवतो. प्रश्न विचारण्याचं उदाहरण याच पुस्तकात अकरा अध्याय पुढे आहे. सलाफहादाच्या पाच मुली, महला, नोआ, होग्ला, मिल्का आणि तिरसा, मोशे, एलाजार याजक, सरदार आणि सगळी मंडळी यांच्यासमोर दर्शनमंडपाच्या दाराशी उभ्या राहतात आणि म्हणतात, आमच्या बापाला मुलगा नाही म्हणून त्याचं नाव कुळातून का जावं? आम्हाला वतन द्या. त्या आवर्जून सांगतात की आमचा बाप कोरहाच्या टोळीत नव्हता (२७:३). कोरहाचं प्रकरण लोक विसरले नव्हते, आणि आपलं मागणं त्या बंडाहून वेगळं आहे हे या पोरींना नेमकं ठाऊक होतं. मोशे चिडत नाही, ‘माझ्यावर प्रश्न?’ म्हणत नाही. तो विषय देवापुढे नेतो आणि देव म्हणतो, त्या बरोबर बोलतात (२७:७). कायदा बदलतो.

कोरह शिकवायचा तर गणना २७:१-११ त्याच बैठकीत शिकवा, पुढच्या आठवड्यावर ढकलू नका. दोन्ही बाजूला ठेवून चार गोष्टी विचारा: मागणं कोणासाठी होतं, कोणासमोर केलं, निवाडा कोणाकडे सोपवला, आणि पुढाऱ्याने ऐकून काय केलं. अकरा वचनं आहेत, तीन मिनिटांत वाचून होतात. आणि कोरहाची मुलं मेली नाहीत (२६:११) हेही सांगा. ‘कोरहाच्या मुलांचं’ असा मथळा असलेली स्तोत्रं आपण उपासनेत म्हणतो. बंडखोराच्या घराण्याला मंदिरात गाण्याची जागा मिळाली, आणि हे न सांगता पाठ संपवला तर श्रोते घरी फक्त भीती घेऊन जातात.

नववा पाठ एलीया संदेष्टा आणि त्याचा शिष्य अलीशा यांचा. ठीक आहे. बारा जोड्यांचे बैल, मोडलेली औतं, ‘एलीयाच्या हातावर पाणी घालणारा’ (२ राजे ३:११) हे सगळं आलंय. पाठात न आलेली एक गंमत चालकाने सांगावी: २ राजे २ मध्ये एलीया तीनदा ‘तू इथेच थांब’ म्हणतो आणि अलीशा तीनदा ऐकत नाही. इथे सोबत न सोडणं हीच निष्ठा ठरली.

दहावा पाठ इत्तयाचा, आणि निष्ठेच्या भागातला हा सर्वांत चांगला. मुलगा अबशालोम याच्या बंडात दावीद राजा पळतोय. गथचा इत्तय सहाशे माणसांसह त्याच्या मागे निघतो. दावीद त्याला म्हणतो, तू काल आलेला परदेशी, परत जा, भावांना घेऊन जा (२ शमुवेल १५:१९-२०). निष्ठा मागण्याची सगळ्यांत निकड असताना दावीद माणसाला मोकळं करतो, आणि मोकळं केल्यावर इत्तय शपथ घेऊन थांबतो. मार्गदर्शिकेने हा मुद्दा बरोबर पकडलाय: दावीदाने ती शपथ मागितली नव्हती, इत्तयाने आपणहून घेतली. पुढे इत्तयाकडे सैन्याचा तिसरा भाग सोपवला जातो (१८:२). बेथलेहेमच्या विहिरीचं पाणी दावीद पीत नाही, ओतून टाकतो (२३:१५-१७), तेही जोडलंय.

पण त्याच २३ व्या अध्यायाच्या शेवटी वीरांची यादी आहे आणि पाठ तिच्या आधीच थांबतो. शेवटचं नाव उरीया हित्ती (२३:३९). इत्तयासारखाच परका आणि तितकाच निष्ठावान. कराराचा कोश व सैन्य मैदानात तंबूंत असताना मी घरी जाऊन खाऊ-पिऊ कसा, असं म्हणणारा (११:११). उरीयाच्या बायकोशी केलेलं पाप झाकायला दावीद त्याच्याच हाती त्याच्या मरणाचं पत्र देतो, तो ते पोचवतो, आणि सेनापती यवाब पत्रात लिहिल्याप्रमाणे करतो (११:१४-१७). उरीयाची निष्ठा खरी होती, यवाबाचं आज्ञापालन गुन्ह्यातली साथ होती. हा फरक शिकवल्याशिवाय निष्ठेवरचा अभ्यासक्रम पुरा होत नाही. नंतर नाथान संदेष्टा येतो आणि दावीदाला तोंडावर ‘तो मनुष्य तूच’ म्हणतो (१२:७). राजाशी सगळ्यांत निष्ठावान तोच निघाला. संचाच्या बारा पाठांत नाथानाचं नाव एकदाही नाही. दावीद ज्या संचात दोन पाठांभर आहे, तिथे ही फार मोठी उणीव आहे. दहावा पाठ दोन आठवड्यांत विभागा: पहिल्यात इत्तय, दुसऱ्यात उरीया, यवाब आणि नाथान.

अकरावा पाठ मार्क १०:३५-४५ आणि योहान १३ चा. मजकूर नेटका. शेवटी दहा मिनिटांत पाय धुण्याचा कार्यक्रम सुचवलाय, तो दहा मिनिटांत होत नाही. आठ जणांना अर्धा तास धरा. दोन घंगाळं, माणशी एक पंचा, कोमट पाणी, आणि नको म्हणणाऱ्याला आग्रह नाही. वडीलजनांनी आधी धुवावेत, आधी धुवून घेऊ नयेत.

बारावा पाठ इब्री १३:१७ चा, आणि संचातला सगळ्यात नाजूक. पाठ वचनाच्या पहिल्या अर्ध्यावर थांबतो, पुढाऱ्यांच्या आज्ञेत राहा, अधीन असा. उरलेल्या अर्ध्यात कारण दिलंय: ते तुमच्या जिवांची राखण करतात आणि त्यांना हिशेब द्यायचाय. ‘राखण’ साठीचं ग्रीक क्रियापद ‘आग्रुप्नेओ’, म्हणजे झोपेविना जागं राहणं. मेंढरांसाठी रात्र जागवणाऱ्याचं ऐका, असा त्याचा भाव. ‘आज्ञेत राहा’ साठी ‘पेइथो’ या धातूचं रूप आहे, ज्यात पटण्याचा, विश्वास ठेवण्याचा अर्थ मिसळलेला असतो. मुलांनी आईबापांचं ऐकावं यासाठी इफिस ६:१ मध्ये वापरलेलं क्रियापद वेगळं आहे. मात्र यावरून ‘पटलं तरच ऐकायचं’ असा सोयीचा अर्थ काढू नये. याकोब ३:३ मध्ये घोड्याने लगामाला मानण्यासाठी हेच क्रियापद आलंय. शब्दात ऐकण्याचं वजन आहे, आणि ज्याचं ऐकायचं त्याच्यावर विश्वास बसलेला असणंही आहे.

हा पाठ ७ व्या वचनापासून १९ पर्यंत वाचून घ्या. ७ मध्ये देवाचं वचन सांगून गेलेल्या पुढाऱ्यांच्या वागण्याचा परिणाम पाहून त्यांच्या विश्वासाचं अनुकरण करायला सांगितलंय, म्हणजे आयुष्य तपासणं आज्ञेतच आलं. १८ मध्ये लेखक स्वतः म्हणतो, आमच्यासाठी प्रार्थना करा, आम्ही सगळ्या बाबतींत चांगलं वागू इच्छितो. आणि १७ चा शेवट गटाला ऐकवायलाच हवा: त्यांना हे काम आनंदाने करता यावं, कण्हत नाही. पाळकाला कण्हायला लावणाऱ्या मंडळ्याही असतात. नेमणूक झाल्या दिवसापासून प्रत्येक गोष्टीत खोट काढणं, पाठीमागे बोलणं, वेतन अडकवणं. १ थेस्सलनीका ५:१२-१३ आणि १ तीमथ्य ५:१७-१८ इथे जोडा, श्रम करणाऱ्यांना प्रीतीने मान द्या आणि मजुराला मजुरी द्या. लगेच पुढचं १९-२१ ही वाचा: वडिलावरचा आरोप दोन-तीन साक्षीदारांशिवाय घेऊ नये, पाप करत राहणाऱ्याला सगळ्यांसमोर दोष द्यावा, आणि कोणाची बाजू न धरता हे करावं. खोट्या आरोपापासून वडिलाचं रक्षण आणि खऱ्या आरोपापासून मंडळीचं रक्षण सलग तीन वचनांत आहे. नेतृत्वावरच्या संचात हा भाग नसणं न पटणारं आहे. ३ योहान ९-१० मधला, पहिला मान हवा असणारा दियत्रफेसही इथेच घेता येईल. योहानाने त्याचं नाव घेऊन लिहिलंय.

वेळेबद्दल. मार्गदर्शिका प्रत्येक पाठाला ६० मिनिटं सांगते. शास्त्रभाग पूर्ण वाचले तर ९० लागतात: वाचन १५, वहीत लेखन १५, चर्चा ४०, प्रार्थना २०. घाईत पहिली कात्री वाचनावर चालते, आणि तिथेच संदर्भ कापले जातात. गट सहा ते दहा जणांचा असावा. त्याहून मोठ्या गटात तिघे बोलतात आणि बाकीचे ऐकतात. पाळक स्वतः गटात असतील तर ७, ८ आणि १२ हे पाठ त्यांनी चालवू नयेत, दुसऱ्या वडिलांनी चालवावेत, आणि चर्चेआधी उत्तरं बिननावाच्या चिठ्ठ्यांवर लिहून घ्यावीत. नाहीतर सगळे पुस्तकी उत्तरं देतात आणि पाळकांनाही काही कळत नाही. नव्याने विश्वासात आलेल्यांचा वेगळा गट असेल तर आधी १ ते ६ आणि ११ घ्या, निष्ठेचे पाठ नंतर.

पाचपैकी साडेतीन तारे. अर्धा तारा दुसऱ्या पाठातल्या त्या कोऱ्या पानाचा.

सहा कोरी कार्डं वाया घालवू नका. त्यांवर गणना २७:७, १ शमुवेल १४:४५ (लोकांनी राजाच्या उतावळ्या शपथेपासून योनाथानाला वाचवलं), २ शमुवेल १२:७, २ इतिहास २६:१८ (अजऱ्या आणि ऐंशी धीट याजकांनी उज्जीया राजाला मंदिरात अडवलं), प्रेषितांची कृत्ये १७:११ (बिरुयाच्या लोकांनी पौलाचं बोलणंही रोज शास्त्रात पडताळलं) आणि १ तीमथ्य ५:१९-२१ ही वचनं लिहून घ्या. कार्डाचा पुढचा भाग गुळगुळीत आहे, शाई पसरते. मागच्या खरखरीत बाजूला बॉलपेनने लिहा, आणि वचनाखाली ते कुठून कुठपर्यंत वाचायचं तेही.